तारापूरचे माग आणि व्यवस्थापनाचा वर्ग

व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका घ्यावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दरवर्षी पदवीच्या निकालाबरोबरच येतो. त्यावरची चर्चा शुल्क किती, नोकरी कुठे लागते आणि पगाराचा आकडा काय एवढ्यातच फिरते. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न बाजूलाच राहतो: व्यवस्थापन ही शिकून येणारी गोष्ट आहे का? जुनी समजूत सांगते की धंदा रक्तात असावा लागतो, पेढीवर वाढलेल्या पोराला जे आपसूक येते ते दुसऱ्याला वर्गात बसून येणार नाही. नवी समजूत सांगते की नामांकित संस्थेचा शिक्का बसला की माणूस व्यवस्थापक झालाच. पहिली समजूत शिक्षणाला काहीच किंमत देत नाही आणि दुसरी सगळी किंमत प्रमाणपत्राला देते. माझे म्हणणे या दोन्हींच्या विरुद्ध आहे. व्यवस्थापन शिकता येते, त्याचा भक्कम पुरावा आहे. पण ते प्रत्यक्ष कामाला लावून शिकले तरच अंगी लागते. म्हणून ही पदविका कुठून मिळवली यापेक्षा ती कशी शिकली, याला अधिक महत्त्व आहे.

पहिल्या मुद्द्याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. पालघर जिल्ह्यातले तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतले उमरगाव या दोन औद्योगिक भागांत सुती कापड विणणारे अनेक मध्यम आकाराचे कारखाने आहेत. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी अशा अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००८ पासून पुढे इथे एक प्रयोग केला. औषधाची चाचणी घेताना काही रुग्णांना औषध देतात आणि काहींना देत नाहीत, त्याच धर्तीवर त्यांनी १७ कंपन्यांच्या कारखान्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. एका गटाला सल्लागारांनी एक महिना पाहणी करून आणि पुढचे चार महिने रोज बरोबर राहून मदत केली. दुसऱ्या गटात फक्त पाहणी झाली. शिकवायच्या गोष्टी ३८ होत्या आणि त्यातली एकही गूढ नव्हती. माग कधी आणि का बंद पडला याची नोंद ठेवणे, कापडातले दोष प्रकारानुसार लिहून काढणे, त्या नोंदींवर रोज थोडा वेळ बसून बोलणे, सुताच्या गोदामात प्रत्येक मालावर चिठ्ठी लावणे, यंत्र मोडण्याची वाट न पाहता त्याची ठरल्या वेळी देखभाल करणे, अशा त्या गोष्टी. प्रयोग सुरू झाला तेव्हा या कारखान्यांत यातल्या साधारण चौथा हिस्सा गोष्टीच पाळल्या जात होत्या. मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. कापडातले दोष घटले, गोदामात अडकलेला माल कमी झाला. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि व्यवस्थापनाच्या शिक्षणाबद्दल गंभीरपणे बोलणाऱ्या कुणालाही तेव्हापासून त्यांना टाळून पुढे जाता आलेले नाही.

या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट १७ टक्क्यांच्या आकड्याच्या मागे आहे. हे कारखानदार नवखे नव्हते. घरचा धंदा होता, वर्षानुवर्षांचा अनुभव होता, बाजारात टिकून राहण्याइतके व्यवहारज्ञान होते. तरीही या साध्या गोष्टी ते का करत नव्हते? संशोधकांनी ही कारणे खोदून पाहिली. काही पद्धती मालकांनी कधी ऐकल्याच नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या त्यांचा आपल्या कारखान्यात उपयोग होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्या कापडाचा दर्जा शेजारच्या कारखान्याइतका आहे, म्हणजे तो ठीकच आहे, असे त्यांना वाटत होते. आणि दोषांची मोजणीच होत नसल्याने हे मत खोटे ठरण्याची सोयही नव्हती. ‘धंदा रक्तात असावा लागतो’ या म्हणण्याला याहून नेमके उत्तर नाही. अनुभवाने माणूस पुष्कळ शिकतो, पण अनुभव फक्त डोळ्यांसमोर येणाऱ्या गोष्टींचाच असतो. जे मोजलेले नाही ते डोळ्यांसमोर येत नाही, आणि जे येत नाही त्याचा धडा वीस वर्षांतही मिळत नाही. शिकवणाऱ्याचे पहिले काम नेमके तेच: काय मोजायला हवे ते दाखवणे.

इथे एक हरकत रास्त आहे, आणि ती मीच घेतो. तारापूरच्या मालकांना कुणी पदविका दिली नव्हती. त्यांच्याकडे महागडे सल्लागार आले, मागाशेजारी उभे राहिले आणि पाच महिने पाठपुरावा करत राहिले. या प्रयोगाचे श्रेय चार भिंतींतल्या अभ्यासक्रमाला घेता येणार नाही. हे मान्य. प्रयोगाने सिद्ध झाले ते इतकेच की व्यवस्थापनाच्या पद्धती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात आणि गेल्या की फरक पडतो. त्या वर्गातून कितपत जातात, हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय या कथेला पुढचा भागही आहे. तेच संशोधक २०१७ मध्ये पुन्हा त्या कारखान्यांत गेले, तेव्हा सुरुवातीला स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या आढळल्या. कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही, की नोंदवह्या हळूहळू बंद पडत. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते, आणि काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही पोचल्या होत्या. म्हणजे कानावर पडलेले व्यवस्थापन टिकेलच असे नाही. ते टिकवायला, आपण हे का करतो हे समजलेली माणसे त्या जागी असावी लागतात. अशी माणसे तयार करण्यासाठी एखादा पूर्ण अभ्यासक्रम का लागतो, याचे उत्तर या सुटलेल्या नोंदवह्यांत आहे.

‘का’ समजणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. हे उदाहरण कल्पित आहे, पण भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला कुणीही लघुउद्योजक ते ओळखेल. धातूचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. लोखंड, मजुरी, वीज असा त्याचा रोजचा खर्च एक लाख रुपये. कच्चा माल गोदामात ३० दिवस राहतो, यंत्रावर आणि तयार मालाच्या रूपात आणखी १५ दिवस जातात, आणि माल गेल्यावर ग्राहक कंपनी ९० दिवसांनी पैसे देते. एकूण १३५ दिवस. लोखंडवाला ३० दिवसांची उधारी देतो, ती ढोबळपणे वजा केली तर १०५ दिवस मालकाचे स्वतःचे पैसे अडकून पडतात. रोजचा लाख धरला तर खेळते भांडवल झाले एक कोटी पाच लाख. खर्चावर दहा टक्के नफा धरला तर वर्षाचा नफा साडेछत्तीस लाख. आता ग्राहक खूश होऊन मागणी दीडपट करतो. पेढे वाटले जातात. रोजचा खर्च दीड लाखावर गेला, १०५ दिवसांचे गणित तेच राहिले, आणि खेळत्या भांडवलाची गरज एक कोटी साडेसत्तावन्न लाखांवर पोचली. म्हणजे वाढीव साडेबावन्न लाख रुपये पुढच्या साडेतीन-चार महिन्यांत उभे करायला हवेत, आणि गेल्या संपूर्ण वर्षाचा नफा ओतला तरी सोळा लाख कमी पडतात. कारखाना नफ्यात आहे, मागणी वाढते आहे आणि पगाराला पैसे नाहीत. या टप्प्यावर मालक जादा व्याजाने पैसे उचलतो किंवा नशिबाला दोष देतो.

या मालकाला अनुभव कमी नाही. पैशांची ओढाताण त्याला हाडामासात माहीत आहे. त्याच्याकडे नाही ती ही चार ओळींची मांडणी, आणि तिच्यातून लगेच निघणारा पुढचा प्रश्न: यातला कोणता दिवस कमी करता येईल? येणे बाकी ९० दिवसांवरून ६० वर आणली तर १०५ ऐवजी ७५ दिवस उरतात. दीडपट मागणीलाही मग एक कोटी साडेबारा लाख पुरतात, म्हणजे आधीच्यापेक्षा फक्त साडेसात लाख जास्त. साडेबावन्न लाखांचे संकट साडेसात लाखांवर आले, ते कर्ज न काढता. आता हे ३० दिवस मिळवायचे कसे, यासाठी आणखी ज्ञान लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात भर घातली की मुदतीत न दिलेली अशी देणी खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाहीत. बिले वटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे ‘ट्रेड्स’ मंच आहेत. आणि एवढे सगळे असूनही मोठ्या ग्राहकाला दुखावण्याची भीती असतेच. त्याच्याशी बोलायचे कसे, दुसरे ग्राहक मिळवून त्याच्यावरचे अवलंबित्व कमी करायचे कसे, हा प्रश्न विपणनाचा आणि वाटाघाटीचा. एका अडचणीत लेखाशास्त्र, कायदा, वित्त आणि माणसे एकत्र गुंतलेली असतात. पदविकेच्या अभ्यासक्रमात हे विषय वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या पुस्तकांतून येतात. ते एकाच कारखान्याच्या ताळेबंदावर एकत्र आणून पाहण्याचे काम विद्यार्थ्याचे. जो ते करत नाही, त्याला व्याख्या पाठ होतात आणि गुणही मिळतात.

या जोडकामासाठीच प्रकरण-अभ्यासाची पद्धत जन्माला आली. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले आणि १९२१ मध्ये तिथे पहिले प्रकरण लिहिले गेले, ते एका पादत्राणे करणाऱ्या कंपनीबद्दलचे होते. एखाद्या संस्थेची खरी परिस्थिती, उपलब्ध आकडे आणि समोर उभा निर्णय एवढे विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे आणि विचारायचे: तुम्ही त्या खुर्चीत असता तर सोमवारी सकाळी काय केले असते? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयावरचे १९९३ चे प्रकरण जगभर शिकवले जाते. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेले रुग्णालय निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र दरात शस्त्रक्रिया करूनही स्वतःच्या पायांवर कसे उभे राहते, हे त्यातले कोडे. ते सोडवायला बसले की लक्षात येते, दयाबुद्धीबरोबरच शस्त्रक्रियागृहातल्या प्रत्येक मिनिटाची आखणी त्यामागे आहे. १९६१ मध्ये पहिल्या दोन भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या तेव्हा अहमदाबादने हार्वर्डचा हात धरला आणि प्रकरण-पद्धत आणली, तर कोलकात्याने एमआयटीशी नाते जोडून संख्याशास्त्राकडे अधिक कल ठेवला. दोन्ही वाटा कामाच्या आहेत. आज मात्र पुष्कळ ठिकाणी प्रकरणांच्या छापील उत्तरांच्या वह्या फिरतात आणि शिक्षक फळ्यावर सारांश लिहून देतो. त्याने पद्धतीचा जीवच जातो, कारण तिचा सगळा उपयोग विद्यार्थ्याने चुकीचा निर्णय घेऊन तो चारचौघांत लढवण्यात आहे.

शिकवण्याची रीत बदलली की फळ किती बदलते, याचा एक वेगळाच पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या देशातून आला. राजधानी लोमेमध्ये १५०० लहान व्यावसायिकांचे तीन गट केले होते. एका गटाला हिशेब, विक्री, वित्त असे नेहमीचे प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्याला मानसशास्त्रज्ञांनी आखलेले प्रशिक्षण, ज्यात पुढाकार घेणे, संधी हुडकणे, अडथळ्यांचा आधीच विचार करून योजना करणे यांचा प्रत्यक्ष सराव होता. तिसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात सरावाच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने वाढ ११ टक्के दिसली, पण ती योगायोगापासून वेगळी काढता येईल इतकी ठाम नव्हती. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. टपरीवजा दुकानांचे निष्कर्ष पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. पण दिशा तीच दिसते, जी तारापूरला दिसली.

कॅनडातले व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक हेन्री मिन्ट्झबर्ग यांनी २००४ मध्ये एक संपूर्ण पुस्तक लिहून या शिक्षणावर हल्ला चढवला. त्यांचे म्हणणे असे की व्यवस्थापन ही कारागिरी आहे, तीत थोडे शास्त्र आणि थोडी कला मिसळलेली असते. ज्याने कधी कुठे काम केलेले नाही अशा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला वर्गात बसवून व्यवस्थापक करता येत नाही. केल्यास तो आकड्यांवर भाळलेला आणि माणसांपासून तुटलेला निघतो. मला हा आक्षेप बराचसा पटतो. मिन्ट्झबर्ग नुसते टीका करून थांबले नाहीत, हेही सांगायला हवे; त्यांनी १९९६ मध्ये नोकरीत असलेल्या व्यवस्थापकांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यात बंगळूरची भारतीय व्यवस्थापन संस्थाही सहभागी होती. पण त्यांच्या टीकेचा रोख पूर्णवेळ, अनुभवशून्य विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमावर आहे, आणि आपल्याकडे एक दुसरी परंपरा या टीकेच्या कितीतरी आधीपासून आहे. पुण्या-मुंबईत दिवसभर कारखान्यात, बँकेत किंवा सरकारी कचेरीत काम करून संध्याकाळी वर्गाला जाणाऱ्या माणसांच्या पिढ्या झाल्या. पुण्यात ‘डीबीएम’, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदविका, ‘केलं’ म्हणणारे पर्यवेक्षक आणि कामगार कायद्याची संध्याकाळची पदविका घेतलेले अधिकारी प्रत्येक मोठ्या कारखान्यात भेटत. मुंबई विद्यापीठाच्या विपणन आणि वित्त व्यवस्थापनाच्या तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमांनी हेच केले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८७ मध्ये जे पहिले दोन अभ्यासक्रम काढले, त्यांतला एक व्यवस्थापनाची पदविका होता. या संध्याकाळच्या वर्गांना समाजाने दुय्यम मानले. शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर ते पहिल्या दर्जाचे होते, कारण सात वाजता ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दहा वाजता पारखून पाहण्याची सोय फक्त त्यांच्याच विद्यार्थ्यांकडे होती.

मग पूर्णवेळ पदविका घेणाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी काम वर्गाच्या शेजारी आणून ठेवावे लागते. व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला स्थापलेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने ते मनापासून केले. तिथल्या पदविकेच्या विद्यार्थ्याला गावात राहून काम करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता, सहलीचा नव्हे. २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने या संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था १९६७ पासून सहकार क्षेत्रातल्या अधिकाऱ्यांना शिकवते आहे. जिथे साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक यांच्या कारभारावर लाखो घरांचा वर्षाचा हिशेब ठरतो, त्या राज्यात या शिक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये आपणहून संचालकपद सोडले आणि पुढे राजस्थानातल्या जवाजा भागातल्या विणकर आणि चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. ज्यांच्याकडे शाळेचा दाखलाही नव्हता अशी माणसे मालाचा दर्जा, किंमत आणि दूरची बाजारपेठ स्वतः सांभाळायला शिकू शकतात का, हे त्यांना पाहायचे होते, आणि त्यातून कारागिरांच्या स्वतःच्या संघटना उभ्या राहिल्या. सर्वसाधारण संस्थेतल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यातले फक्त उन्हाळ्यातले दोन महिन्यांचे प्रशिक्षण येते. ते प्रमाणपत्रापुरते उरकणे ही या शिक्षणातली सर्वांत मोठी नासाडी आहे, आणि ती संस्था, कंपनी आणि विद्यार्थी मिळून करतात.

आणखी एक आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले, आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, की शिक्षणाने माणसाचे कसब तसूभरही वाढले नाही तरी त्याला बाजारात किंमत येऊ शकते. कारण अवघड अभ्यासक्रम पार करणारा माणूस मुळातच हुशार आणि चिकाटीचा असावा, असा अंदाज मालकाला बांधता येतो. पदविका म्हणजे मग केवळ चाळणी. नामांकित संस्थांबाबत या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. प्रवेश परीक्षेला बसलेल्या लाखोंतून काही हजार निवडले की अर्धे काम प्रवेशाच्या दिवशीच झालेले असते, आणि कंपन्या त्या निवडीचे पैसे मोजतात. पण याच युक्तिवादाचे एक टोक सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ज्या संस्थेत अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला प्रवेश मिळतो, तिची चाळणी काहीच चाळत नाही. तिथल्या प्रमाणपत्रावरून मालकाला काही कळत नाही, आणि म्हणून त्या पदविकेत मोल असेल तर ते फक्त शिकलेल्या कसबाचे. महाराष्ट्रातले पुष्कळ विद्यार्थी अशाच संस्थांत आहेत. नामांकित संस्थेतला विद्यार्थी दोन वर्षे आळसात घालवूनही नोकरी मिळवू शकतो. तालुक्याच्या किंवा शहराबाहेरच्या साध्या संस्थेतल्या विद्यार्थ्याला ती मुभा नाही. स्पेन्स यांचे म्हणणे खरे मानले तरी त्याचा अभ्यास निरर्थक ठरत नाही, उलट त्याच्याकडे भांडवल म्हणून तेवढाच उरतो.

पदवी आणि पदविका यांतला भेद इथे थोडक्यात उरकतो, कारण तो ज्ञानाचा नाही, कायद्याचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था नोंदणीकृत संस्था म्हणून चालत, त्यामुळे अर्धशतकाहून अधिक काळ देशातली सर्वांत मागणी असलेली व्यवस्थापनाची पात्रता कागदोपत्री पदविकाच होती. ३१ जानेवारी २०१८ पासून त्यांच्यासाठीचा २०१७ चा कायदा लागू झाला आणि त्या पदवी देऊ लागल्या. अभ्यासक्रम काही त्या रात्रीत बदलला नाही. जमशेदपूरची एक्सएलआरआय आणि मुंबईची एस. पी. जैन संस्था वर्षानुवर्षे पदविकाच देत आल्या. तरीही कायद्याचा भेद क्षुल्लक समजू नये. पीएच.डी.चा प्रवेश, प्राध्यापकी, सरकारी नोकरी या ठिकाणी समकक्षता विचारली जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, भारतीय विद्यापीठ संघाने ती पदविका एम.बी.ए.शी समकक्ष मानली आहे का, हे प्रवेशापूर्वी संस्थेच्या माहितीपुस्तकात नव्हे, त्या दोन संस्थांच्या यादीत पाहावे. एक वर्षाच्या पदविकेला दोन वर्षांच्या पदवीची बरोबरी आपोआप मिळते असे गृहीत धरू नये.

सर्वांत जड आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याला मला अर्धेच उत्तर देता येते. अर्थशास्त्रज्ञ डॅरन असेमोग्लू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या कंपन्यांची माहिती तपासली. व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेला माणूस प्रमुखपदी आला की पुढच्या पाच वर्षांत कामगारांचे वेतन अमेरिकेत सुमारे ६ टक्क्यांनी आणि डेन्मार्कमध्ये सुमारे ३ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. विक्री, गुंतवणूक किंवा उत्पादकता मात्र इतर प्रमुखांच्या कंपन्यांपेक्षा अधिक वाढलेली नव्हती. आधीचे प्रमुख कंपनीला मिळालेल्या जादा नफ्यातला काही वाटा कामगारांना देत. नव्यांनी तो देणे थांबवले. म्हणजे भाकरी मोठी झाली नाही, वाटणी बदलली. तारापूरच्या प्रयोगात नेमके उलटे घडले होते: तिथे वाया जाणारे सूत, बंद पडणारे माग आणि सदोष कापड कमी होऊन उत्पन्न वाढले. दोन्हींना आपण व्यवस्थापनच म्हणतो, आणि दोन्ही शिकवता येतात. हे निष्कर्ष दोन श्रीमंत देशांतले आहेत, भारतात तसेच घडते असे त्यावरून ठरवता येणार नाही, एवढे माझे उत्तर. पण खर्च कमी करण्याची सर्वांत सोपी जागा म्हणून विद्यार्थ्याला पगाराचा रकाना दाखवला जातो, हे आपल्या वर्गांतही घडू शकते, आणि कंत्राटी कामगारांच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्या औद्योगिक वसाहतींत त्याचे परिणाम जास्त कठोर होतील. यावरचा उपाय नीतिमूल्यांवरच्या एखाद्या व्याख्यानात नाही. वाया जाणारे वाचवणे आणि दुसऱ्याचा वाटा काढून घेणे, या दोन गोष्टी ताळेबंदात वेगळ्या ओळखता येणे हे कसब आहे, आणि ते वित्ताच्या तासाइतकेच काटेकोरपणे शिकवता येते. त्यासाठी कामगार कायदे, औद्योगिक संबंध आणि वेतनाचे अर्थशास्त्र हे विषय फक्त मनुष्यबळ शाखेच्या मुलांचे राहून चालणार नाही. आपल्या विद्यापीठांनी आणि पदविका देणाऱ्या संस्थांनी ते प्रत्येक विद्यार्थ्याला, तो वित्ताचा असो की विपणनाचा, पहिल्याच वर्षी सक्तीचे करावेत.